अडीच मिनिटांतला पत्ता

मुंबईत नव्या माणसाचं नाव विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: राहता कुठे? नुसतं स्टेशन सांगून भागत नाही. ईस्ट की वेस्ट, स्टेशनपासून चालत की रिक्षानं, चाळ की सोसायटी, खोली मालकीची की पागडीची, असे पोटप्रश्न निघत जातात. चहा संपेपर्यंत विचारणाऱ्यानं समोरच्याचा पगार, जात आणि त्याच्या मुलांची शाळा मनातल्या मनात ठरवून टाकलेली असते. अंदाज पुष्कळदा चुकतो, पण तो बांधायची खोड जात नाही. गुन्हेगारी चित्रपटांचे ट्रेलर याच खोडीच्या जिवावर चालतात.

त्यांना चहा संपेपर्यंतची सवलत नसते. ट्रेलर साधारण अडीच मिनिटांचा. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि निर्मात्यांची बोधचिन्हं, शेवटी नावं आणि प्रदर्शनाची तारीख. उरलेल्या वेळात नायक कोण, त्याच्या वाटेत कोण उभा आहे, पिस्तूल पहिल्यांदा कुणाच्या हातात आलं, हे सगळं कळायला हवं. माणूस कसा आहे हे सांगायला प्रसंग लागतो आणि प्रसंगाला वेळ लागतो. जागा मात्र दीड सेकंदात कळते. पत्र्यांचं छप्पर, त्यावर निळी ताडपत्री, वाळत घातलेले कपडे: कळलं. काचेची भिंत, तिच्यासमोर पाठमोरा माणूस, हातात ग्लास, खाली दिव्यांची रांग: हेही कळलं. दोन्हींच्या मध्ये गोळीचा आवाज. गोष्टीचा सांगाडा एवढ्यात उभा राहिला, अजून कुणी एक वाक्यसुद्धा बोललेलं नाही.

हे पुस्तक या दीड-दीड सेकंदांच्या तुकड्यांबद्दल आहे. त्यांत वर्ग कसा दिसतो, आणि वर्गातलं काय दिसत नाही, याबद्दल आहे. शहर मुंबई, क्वचित पुणे. गुन्हेगारी चित्रपट जगभर निघतात. पण मुंबईच्या ट्रेलरमधला गल्लीचा तुकडा पाहून मराठी प्रेक्षक जितक्या पटकन ‘हे आपल्याकडचं’ म्हणतो, तितकं दुसऱ्या कुठल्या शहराबद्दल म्हणणार नाही. आणि ‘आपल्याकडचं’ म्हणताना कधी सुखावतो, कधी अंग चोरतो. त्या अंग चोरण्याविषयी पुढे बोलायचं आहे.

आधी उंचीविषयी. मुंबईच्या गुन्हेगारी ट्रेलरमध्ये वर्ग उभा असतो: गरीब खाली, श्रीमंत वर, आणि गुन्हा म्हणजे मधली लिफ्ट. या मांडणीचं मूळ शोधत गेलं की वाट 1975 च्या ‘दीवार’पाशी पोचते. सलीम-जावेद यांनी तिथे उंचीला थेट किंमतच लावली. ज्या इमारतीच्या बांधकामावर आईनं विटा वाहिल्या ती इमारत नायक विजय विकत घेतो. आणि दोन भाऊ समोरासमोर येतात ते ज्या पुलाखाली लहानपण गेलं त्याच पुलाखाली. वर इमारत, खाली पूल. पण ‘दीवार’मध्ये या दोन टोकांच्या मध्ये गोदी आहे. विजय तिथे हमाली करतो, हप्ता द्यायला नकार देतो आणि तिथून गोष्ट वळण घेते. म्हणजे राहण्याच्या जागेइतकीच कामाची जागाही त्या चित्रपटाच्या वर्गचित्रात आहे. त्याच्यानंतरच्या पन्नास वर्षांत ट्रेलरनं इमारत ठेवली, पूल ठेवला आणि गोदी काढून टाकली.

ही गोदी गेली कुठे, हाच या पुस्तकाचा खरा विषय आहे असं मी म्हणेन. ट्रेलर वर्ग सांगतो तो माणूस राहतो कुठे त्यावरून. तो पोटासाठी काय करतो हे सांगायला त्याला सवड नसते. त्यामुळे गरिबांची वस्ती दिसते पण तिथलं काम दिसत नाही. आणि जिथे दुसरं काहीच काम दिसत नाही तिथे पिस्तूल हाच एकमेव रोजगार वाटू लागतो. यात दिग्दर्शकाचा दुष्टावा असतोच असं नाही. बहुतेक वेळा हे एडिटरच्या टेबलावरचं गणित असतं. मात्र गणित निर्दोष असलं म्हणून उत्तर निर्दोष ठरत नाही.

धारावीचंच घ्या. कुंभारवाड्यातल्या भट्ट्या, चामड्याचं काम, प्लास्टिकचं भंगार वेगळं करणारे, वाळत घातलेले पापड, शिलाईयंत्रांच्या रांगा. दोन चौरस किलोमीटरांहून थोड्याशाच मोठ्या जागेत एवढी कामं चालतात की धारावीला वस्ती म्हणावं की कारखाना, असा प्रश्न पडावा. आता कॅमेरा वर न्या. वरून भट्टी दिसत नाही, शिलाईयंत्र दिसत नाही. दिसतात पत्रे आणि ताडपत्र्या. पूर्वी असा शॉट हेलिकॉप्टरशिवाय किंवा शेजारच्या उंच गच्चीशिवाय मिळत नसे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं ऑक्टोबर 2014 मध्ये खासगी ड्रोनना मनाई केली होती. 1 डिसेंबर 2018 पासून नियमांसह परवानगी मिळाली आणि 2021 मध्ये नियम बरेच सुटसुटीत झाले. तेव्हापासून आकाशातून वस्ती पाहणं स्वस्त झालं आहे. इतकं स्वस्त की ज्याला त्या वस्तीत पाऊल टाकायचं नाही तोही आपल्या ट्रेलरमध्ये ती वापरतो. वस्तीत राहणारा माणूस आपलं छप्पर असं कधी पाहत नाही. तो पाहतो ते छताच्या आतल्या बाजूनं, पावसाळ्यात, खाली भांडं ठेवत. ड्रोनची नजर ही समोरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्याची नजर आहे, आणि तिकीट काढून बसलेल्या प्रत्येकाला ट्रेलर त्या मजल्यावर नेऊन बसवतो.

याच्या उलट ‘ब्लॅक फ्रायडे’तला पाठलाग. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांवरचा हा अनुराग कश्यपचा चित्रपट तयार होऊनही अडकून पडला आणि 2007 मध्ये भारतात प्रदर्शित झाला. त्यात पोलीस एका संशयिताच्या मागे झोपडपट्टीतून धावत राहतात. धावतात, दमतात, थांबतात, पुन्हा धावतात. शेवटी पळणारा आणि पकडणारे दोघेही इतके थकतात की प्रेक्षकाला हसू येतं. कॅमेरा माणसाच्या उंचीवर असल्यामुळे गल्लीची रुंदी, गटाराचं वळण, कुणाच्या घरातून कुणाच्या घरात वाट निघते, हे सगळं अंगाला लागतं. पण याची मजा त्याच्या लांबीत आहे. अडीच मिनिटांत त्यातले चार सेकंद घेतले की उरतो फक्त एक धावणारा माणूस आणि गलिच्छ गल्ली.

आता चाळ. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या. खोली 160 चौरस फुटांची. त्यात मोरी, पलंग असला तर पलंग, वर माळा, भिंतीला वळकट्या. अशा खोलीत पाच-सहा माणसं राहत असताना कॅमेरा, दिवे आणि साउंडवाला मावणं जवळपास अशक्य. म्हणून खोली गोरेगावच्या चित्रनगरीत उभी राहते, एक भिंत काढून ठेवलेली. भिंत काढली की खोली आपोआप मोठी होते. नट हात पसरून रागावू शकतो, आई त्याच्यापासून पाच पावलं लांब उभी राहून रडू शकते. खऱ्या खोलीत पाच पावलं टाकली तर माणूस दाराबाहेर जाऊन पडेल. चाळीतल्या दारिद्र्याचा गाभा घाण किंवा अंधार नव्हे. चाळकऱ्यांची घरं तर चकचकीत असतात, पितळी डबे आरशासारखे. गाभा आहे तो दाटी. रागावलेल्या माणसाला बाजूला जाऊन बसायला कोपरा नसणं. तेवढी एकच गोष्ट सेटवर येत नाही, मग तिची भरपाई कळकट भिंती आणि पिवळ्या बल्बनं केली जाते. जन्म चाळीत काढलेल्या बाईनं असा ट्रेलर पाहून ‘एवढं घाणेरडं घर कुणाचं आहे?’ असं विचारलं तर ती समीक्षाच समजावी.

‘सत्या’ इथे अपवाद म्हणून पुढे येतो. राम गोपाल वर्मांचा हा चित्रपट जुलै 1998 मध्ये आला, आणि जानेवारी 2025 मध्ये पुन्हा पडद्यावर लागला तेव्हा तो मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी पाहिलेली एक अख्खी पिढी थेटरात बसली होती. त्या पिढीला ठाऊक असलेला तुकडा म्हणजे समुद्राकाठी उभं राहून शहराला आव्हान देणारा मनोज बाजपेयीचा भिकू म्हात्रे. तुकडा जोरदार आहेच. मागे समुद्र, पायाखाली खडक, डोक्यावर छप्पर नाही. हा माणूस शहराच्या कडेला उभा राहून शहर मागतो आहे, हे जागेवरूनच कळतं. पण पूर्ण चित्रपट पाहणाऱ्याला दिसतं ते भिकूचं घर, बायकोशी चाललेली तणतण, पोरं. सत्याच्या शेजारी राहणारी, गाण्याचं काम शोधत फिरणारी विद्या आणि तिच्या घरातलं आजारपण. गुंड आणि गायिका एकाच मजल्यावर राहतात, कारण दोघांना परवडणारी खोली तिथेच आहे. मुंबईच्या निम्न मध्यमवर्गाविषयी यापेक्षा खरं विधान हिंदी चित्रपटांत फार सापडणार नाही. ते विधान चित्रपटात आहे आणि आठवणीत उरलेल्या तुकड्यात नाही.

मधला वर्ग असा कापला जातो. डोंबिवलीची वन रूम किचन, कांदिवलीतली 25 वर्षं जुनी सोसायटी, विरारची लोकल, गृहकर्जाचा हप्ता, वॉचमनशी पार्किंगवरून वाद: शहरातली लाखो माणसं इथे राहतात, पण ट्रेलरला ती कामाची नाहीत. तिथून पडायला उंची नाही आणि चढायला ईर्ष्या नाही, असा त्याचा समज. मध्यमवर्गाची जागा दिसतेच तर ती बळीची जागा म्हणून. ‘परिंदा’मध्ये 1989 साली विधू विनोद चोप्रांनी खून दाखवला तो दादरच्या कबुतरखान्यापाशी. तोवर टोळ्यांचे खून गोदामात, बंदरावर, बारमध्ये होत. कबुतरखाना म्हणजे साड्या आणि भाजी घेऊन परतण्याचा रस्ता. भीती पिस्तुलाची नव्हती, पत्त्याची होती. 2025 मध्ये महापालिकेनं तोच कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला तेव्हा वाद पेटला तो आरोग्य आणि श्रद्धेवरून. चित्रपटाची आठवण काढणारे थोडेच, आणि ते सगळे पन्नाशीपलीकडचे असावेत.

गिरण्यांचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. गुन्हेगारी ट्रेलरमध्ये अपहरण केलेल्या माणसाला खुर्चीला बांधायची एक ठरलेली जागा असते: उंच छत, फुटकी तावदानं, गंजलेले खांब, वरून तिरका येणारा धुळकट उजेड. अशा जागांमध्ये कुलाब्याची मुकेश मिल वर्षानुवर्षं नावाजलेली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि चित्रीकरणाची जागा झाली. 1991 च्या ‘हम’मधलं गाजलेलं गाणं तिथलंच. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना परतीचा रस्ता राहिला नाही. त्या घरांतली काही पोरं टोळ्यांकडे वळली, हा गिरणगावाचा इतिहास आहे. म्हणजे ज्या इमारतीतून काम गेल्यामुळे गुन्हेगारी वाढली, तीच ओसाड इमारत आज ट्रेलरमध्ये गुन्ह्याचा ‘अड्डा’ होऊन उभी राहते. कारण दिसत नाही, भग्नावशेष छान दिसतो. तिकडे लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे आणि त्याच ट्रेलरमध्ये तो श्रीमंतीची खूण म्हणून येऊ शकतो. एकाच धंद्याच्या दोन मढ्यांपैकी एक गरिबांच्या खात्यात, दुसरं श्रीमंतांच्या.

महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ 2010 मध्ये आला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’वर तो बेतलेला. नाटकात घर एकच आहे आणि संप दाराबाहेर. एका खोलीत चार भावंडं वेगवेगळ्या दिशांनी फुटत जातात, त्यांतला एक टोळीकडे. रंगभूमीला जागा एकच परवडते, पण त्यामुळे तिथे काम नसणं हेच नेपथ्य होतं. चित्रपट झाल्यावर रस्ता आला, टोळी आली, बंदूक आली. मला नाटक जास्त खरं वाटतं.

आवाजाकडे आपलं लक्ष कमी जातं. कुठलाही ट्रेलर एकदा डोळे मिटून ऐका. गरिबांच्या जागेला आवाज असतो: लोकलचा खडखडाट, नळावरची भांडी, अजान, ढोल, कुत्री, कुणीतरी कुणालातरी मारलेली हाक. कॅमेरा वरच्या मजल्यावर गेला की सगळं थांबतं. एसीची घरघर, ग्लासात बर्फ पडल्याचा आवाज, क्वचित पियानो. मुंबईत शांतता ही विकत घ्यायची वस्तू आहे, आणि ट्रेलर हे चौरस फुटांपेक्षा जास्त नेमकं सांगून जातो. इथे मी साउंड डिझायनरना पूर्ण गुण देईन. गणपतीच्या मिरवणुकीचा ढोल मात्र आता वापरून झिजला. ‘सत्या’च्या शेवटी विसर्जनाच्या गर्दीत राजकारणी भाऊ ठाकुरदास झावळेचा खून होतो तेव्हा त्या गर्दीला अर्थ होता. पुढे गुलाल आणि ढोल ही ‘इथे मराठी, गरीब आणि तापट माणसं राहतात’ अशी पाटीच होऊन बसली. विसर्जनाला चौपाटीवर गाडीतून उतरणारी कुटुंबंही असतात, ती कुठल्याच ट्रेलरमध्ये मी पाहिलेली नाहीत.

आणि इथेच अंग चोरण्याची गोष्ट येते. हिंदी गुन्हेगारी ट्रेलरमध्ये मराठी हीसुद्धा एक जागा असते. हवालदाराच्या तोंडी एक मराठी वाक्य, शूटरचं आडनाव म्हात्रे किंवा सुर्वे, आईच्या कपाळावर मोठं कुंकू, दाराला तोरण. तेवढ्यानं वर्ग ठरतो. काचेच्या भिंतीपाशी ग्लास घेऊन उभा राहणारा मात्र मराठी बोलताना ऐकू येत नाही. प्रत्यक्षातला मन्या सुर्वे कीर्ती महाविद्यालयात शिकलेला. जानेवारी 1982 मध्ये वडाळ्याला पोलिसांनी त्याला टिपलं. 2013 च्या ‘शूटआउट अ‍ॅट वडाला’नं नावात ठिकाण घेतलं, पण शिकून निघालेल्या मुलाची जागा, म्हणजे वर्ग आणि अभ्यासिका, पोस्टरला शोभणारी नव्हे. उलट 2014 च्या ‘रेगे’नं नुसतं आडनाव नावात घेतलं आणि मराठी प्रेक्षकाला तेवढ्यात घर कळलं: पुस्तकं असलेलं, आईबाप शिकलेले, टोळीशी सात जन्म संबंध नसलेलं. भीती तिथूनच सुरू होते.

जागेवरून वर्ग घसरत जाण्याची दोन उदाहरणं मला विशेष आवडतात. 2008 च्या ‘आमिर’मध्ये लंडनहून परतलेला डॉक्टर विमानतळावरून फोनवरच्या आवाजाच्या इशाऱ्यावर डोंगरी-भेंडी बाजारच्या गल्ल्यांत ओढला जातो. कपडे तेच, माणूस तोच. पण प्रत्येक जागेबरोबर लोकांची त्याच्याकडे बघायची नजर बदलते. त्याच वर्षीच्या ‘अ वेन्सडे’मध्ये निनावी माणूस बसतो तो बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या गच्चीवर. ही निवड फार हुशारीची. अर्धवट इमारतीला अजून वर्ग नसतो. तिथे उद्या कोण राहायला येणार हे ठरायचं असतं, म्हणून तो माणूस कुणाचाही प्रतिनिधी असल्याचा दावा करू शकतो.

पुण्यात मांडणी आडवी होते. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’मध्ये (2018) वर-खाली फारसं नाही, शेत आणि प्लॉट आहे. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. आयटीच्या इमारती उभ्या राहिल्या तशी गुंठ्याला सोन्याचा भाव आला, गुंठामंत्री हा शब्द रूढ झाला, पैसे आले तसे गेले, आणि जमीनमालकाच्या पोराला मार्केट यार्डात हमाली करायची पाळी आली. इथे वर्ग राहण्याच्या जागेवरून नाही तर गेलेल्या जागेवरून कळतो. कुंपण, त्यावरची पाटी, बाहेर उभा असलेला पूर्वीचा मालक. आणि ‘दीवार’नंतर बऱ्याच काळानं हमाली पुन्हा गोष्टीच्या मध्यावर येते. 2021 मध्ये याची हिंदी ‘अंतिम’ झाली. त्यात तारा मोठा झाला आणि जमीन लहान झाली.

आता एक गंमत. पडद्यावरची जागा तीच असेल असं नाही. ‘बॉम्बे व्हेल्वेट’साठी (2015) साठच्या दशकातली मुंबई श्रीलंकेत उभारली होती. 2012 च्या ‘अग्निपथ’मधलं मांडवा दीवमध्ये चित्रित झालं. खरं मांडवा अलिबागच्या किनाऱ्यावर आहे. 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं गाडीसकट तिथे जाता येतं, आणि आसपास शहरातल्या धनिकांचे बंगले आहेत. बदल्याच्या आगीत जळणाऱ्या दरिद्री गावासाठी ते आता कितपत चाललं असतं, कोण जाणे.

चाळींचंही तेच होऊ घातलं आहे. बीडीडी चाळींच्या जागी 500 चौरस फुटांची घरं देणारे टॉवर उभे राहत आहेत. वरळीत 2025 मध्ये पहिल्या रहिवाशांना किल्ल्या मिळाल्या. भेंडी बाजार पाडून नवा बांधला जातो आहे. जुन्या मांडणीप्रमाणे वर राहतो तो श्रीमंत. मग वरच्या मजल्यावर राहायला गेलेल्या निवृत्त गिरणी कामगाराला ट्रेलर कुठे बसवणार? बहुधा सेटवरच्या चाळीतच. पुस्तकातले शेवटचे दोन लेख या प्रश्नाभोवती फिरतात, आणि मला ते सर्वांत धीट वाटले.

वेब मालिकांचे ट्रेलर इथे घेतलेले नाहीत. त्यांना घाई वेगळी असते, कारण नऊ-दहा तासांचा ऐवज पुढे असतो, आणि जागा सावकाश उलगडता येते. ‘पाताल लोक’मध्ये (2020) तर दिल्लीचा पोलीस सुरुवातीलाच शहराची स्वर्ग, धरती आणि पाताळ अशी विभागणी हाताखालच्याला समजावून सांगतो आणि आपलं ठाणं यमुनेपलीकडच्या पाताळात असल्याचं कबूल करतो. मुंबईच्या ट्रेलरनं जे इतकी वर्षं न बोलता केलं ते तिथे पात्राच्या तोंडी संवाद होऊन आलं. त्यावर लिहायचं तर दिल्लीची मेट्रो, कोठ्या आणि अनधिकृत कॉलन्या आतून माहीत असलेला कुणीतरी हवा.